भुवईवर दोन बोटं

"अहो, ती टोपी नाही," बाई म्हणाली. मधे बोलायचं नाही, असं तिनं सकाळपासून ठरवलं होतं. पण जिभेला कुठे हाड असतं.

पोराच्या डोक्यावरचं हेल्मेट मागे सरकून सगळं कपाळ उघडं पडलं होतं. त्याच्या नव्या आईनं ते मोठ्या हौसेनं घातलं होतं. दत्तक संस्थेनं बाईकडे सांभाळायला दिलेलं पोर आज आपल्या कायमच्या घरी निघालं होतं. नवे बाबा अंगणात त्याची छोटी सायकल धरून उभे होते. ती गाडीत टाकायची होती, पण पोर अडून बसलं होतं, आधी एक चक्कर, मगच निघायचं.

"दाखवा ना ताई," नवी आई म्हणाली. चांगली होती बिचारी. दोघंही चांगली होती. नावं ठेवायला जागा असती, तर बाईला जरा बरं वाटलं असतं.

ती पोरापुढे उकिडवी बसली. "हे बघा. भुवई आणि हेल्मेटमध्ये दोनच बोटं. पट्टे कानाच्या पाळीखाली जुळले पाहिजेत. आणि याचं डोकं म्हणजे भोपळा, तेव्हा लेबलावरच्या वयावर जाऊ नका. भुंग्या, हलव बरं!"

पोरानं नंदीबैलासारखी मान हलवली. हेल्मेट जागचं हललं नाही. तो हसला, नवी आईही हसली.

"आता तुम्ही लावा." बाईनं पट्टा तिच्या हातात दिला. सांगायचं अजून पुष्कळ होतं. ताप चढायच्या आधी तो गप्प गप्प होतो. अंधाराला भीत नाही, पंख्याच्या आवाजाला भितो. पण त्यातलं काहीच तोंडातून बाहेर येईना. ती पट्ट्याबद्दलच बोलत राहिली. "हनुवटीखाली एक बोट जाईल, एवढंच सैल. आणि आजचं माप कायमचं नसतं. पोर वाढतं. अधूनमधून बघत जा."

नव्या आईनं बकल दाबलं. हनुवटीखालची कातडी त्यात सापडली.

"आई!" पोर किंचाळलं. "आई, चिमटा!"

बाईचा हात आपोआप पुढे गेला. पट्ट्यापाशी दोघींची बोटं एकमेकींवर आपटली आणि बकल सुटलं.

संस्थेच्या ताईंनी बजावून ठेवलं होतं, आता त्यानं आई म्हणून हाक मारली तरी ओ देऊ नका, पुढे त्यालाच जड जाईल. दुधाच्या बाटलीपासून त्याला वाढवलेल्या बाईनं तेव्हा नुसती मान डोलावली होती.

तिनं हात मागे घेतला. "तुम्हाला बोलावतोय तो."

"ताई, तो तर तुमच्याकडे..."

"तुम्हालाच." मग पोराकडे वळून ती म्हणाली, "आई ही आहे ना तुझी. तिला सांग, कुठे दुखलं."

पोरानं रडं आवरलं. नव्या आईकडे पाहिलं. मग बाईकडे पाहिलं, बराच वेळ.

"मग तू कोण?"

नवे बाबा सायकलच्या घंटीकडे बघत राहिले. नव्या आईची बोटं बकलवर तशीच थांबली.

"मान वर कर आधी," बाई म्हणाली. "नाहीतर पुन्हा चिमटा बसेल."

पोरानं मान वर केली. बकल टक्कन लागलं.