डोळ्यांची आखणी

सुरभीने किड्यांचा खोका उघडला आणि तसाच खिडकीच्या उजेडात नेला. परवापर्यंत मातकट दिसणारा चतुर आज निळाशार होता. शेजारच्या फुलपाखरांवर ताजी पिवळी झळाळी होती. आणि टाचणीने टोचलेल्या त्या थोराड पतंगाला चक्क डोळे आले होते. काळे, पाणीदार, कडेला लालसर रेघ.

"मालूमावशी, हे कोणी केलं?"

"मीच की," मालू हसली. ती कॉलेजात शिपाई. पण गणपतीच्या हंगामात हमरापुरात भावाच्या मूर्तींच्या कारखान्यातली डोळ्यांची आखणी तिच्याशिवाय होत नसे. "परवा तुमीच बोल्लाव ना, सोमवारी फोटो काढायचं नि यांचा रंग पार उडालाय. म्हटलं, रविवार हाय, बसू जरा. अगदी बारका ब्रश घेतला हां मॅडम. एक पाय मोडू दिला नाय."

खरंच मोडला नव्हता. रागवायला तेवढीसुद्धा जागा मालूने ठेवली नव्हती.

हे किडे सुरभीने शिकत असताना खाडीकाठच्या खाजणात गुडघाभर चिखल तुडवत पकडले होते. ते खाजण भराव टाकून केव्हाच बुजलं. तिथे काय काय उडत होतं याचा पुरावा म्हणाल तर हा एक खोका. उडालेल्या रंगावरूनही जाणकार किड्याची जात सांगतो. रंगवलेल्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता यायची नाही. पुसायला जावं तर पंखच हातात येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

संगणक शिकवणारे आदेश सर कॅमेरा लावून बसलेच होते. कीटकसंग्रहाची नोंद ठेवायला दोन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट मिळाली होती, त्यातलं एक आज पसंत करायचं होतं. पहिल्याने चतुराचा फोटो पाहिला आणि लाल पट्टी दाखवली: नमुना शंकास्पद, नोंद होणार नाही. फुलपाखरांचं तेच. पतंगाला तर त्याने कीटक मानायलाच नकार दिला. दुसरं मात्र मोठं गुणी बाळ. पुढ्यात येईल ते पोटात घालायचं आणि वर हिरवी खूण करून शाबासकी द्यायचं.

सुरभीला त्या पहिल्याचे पाय धरावेसे वाटले. खरं ओळखणारं तेवढं एकच होतं, आणि तेच दारात उभं करत नव्हतं.

"दुसऱ्यात शेरा लिहायला जागा आहे का हो?" तिने विचारलं.

"नाही मॅडम. नाव, गाव, तारीख, फोटो. बास."

तिने प्राचार्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जे मुकाट घेतंय ते घ्या," ते म्हणाले. "नोंद नसलेलं सामान या वेळी भंगारात जायचंय, माहीत आहे ना?"

तिने फोन ठेवला. रडू येत होतं, पण रडायचं तरी कोणाच्या नावाने?

मालू चहा घेऊन आली आणि पडद्यासमोर थबकली. पतंग पडदाभर झाला होता आणि टक लावून बघत होता.

"मॅडम, ह्ये नंतर पान्यात नाय ना सोडायचं?"

"पाण्यात कशाला?"

"आमचं सगलं पान्यातच जातंय वो. जल्मभर डोलं काढलं, एक पन जोडी उरली नाय." तिने हळूच पडद्याला बोट लावलं. "ह्ये तरी राहनार?"

आदेश सर सुरभीकडे बघत होते. तिने बटण दाबलं. हिरवी खूण आली.

"राहणार, मावशी," ती म्हणाली. "आता ते कोणालाच पुसता यायचं नाही."