सोनाबाईंची चाल

कड्यावर अडकलेल्या शार्दूलला बचाव पथकाने वरून दोराने यांत्रिक पाय सोडले. त्याने ते भीतभीत आपल्या पायांवर चढवले. खाचा शोधत ते पाय त्याला वर नेऊ लागले आणि मध्येच एका टप्प्यावर थांबले.

"बंद पडले!" तो ओरडला.

"बंद न्हाई, दम खात्यात," वरून पथकातल्या सोनाबाई मेंगाळ म्हणाल्या. "मीबी तिथंच थांबते. दोन वर्षं माझ्या मागं चालून शिकलंय ते यंत्र."

सगळे हसले. शार्दूललाही हसू आलं, आणि पाय पुन्हा चालू लागले.

वर पोचताच तो सोनाबाईंच्या पाया पडायला गेला, पण यंत्राचे गुडघे टेकेनात.

"ऱ्हाऊ दे," सोनाबाई ताठ उभ्या राहत म्हणाल्या. "कुणापुढं गुडघं टेकायला मी त्याला शिकवलंच न्हाई."