खडखड

८८ साली भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत मी चौथीला शिकवत होते. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना होता. त्याच्या खडखडीवर आवाज चढवून चढवून माझा घसा कायमचा बसलेला.

"पृथ्वी गरगर फिरते, मग आपल्याला कळत का न्हाय?" या एका प्रश्नापायी हमिदाने तीन दिवस माझं डोकं खाल्लं होतं. एस.टी.चं उदाहरण देऊन झालं, जत्रेतल्या पाळण्याचं देऊन झालं. उद्या साहेब तपासणीला येणार, आणि ही कार्टी पुन्हा उठून उभी!

"बाई, फिरत असती तर कळलं असतं. पुस्तकात खोटं लिवलंय."

"खाली बस!" मी किंचाळले, आणि तेवढ्यात लाईट गेली. पलीकडचे सगळे लूम एकदम बंद पडले.

सकाळपासूनच्या खडखडीकडे एकाही पोराचं लक्ष नव्हतं. ती थांबली, तसा अख्खा वर्ग दचकून खिडकीकडे बघायला लागला.

हमिदा तेवढी माझ्याकडे बघत होती.



"बाई, म्हणजे पृथ्वीची लाईट अजून एकदाही गेली न्हाय!"