उकिरडा

रूपेशने आपल्या कॉम्प्युटरला वेगळंच वळण लावलं होतं. काळ्या पडद्यावर पुसायचा हुकूम टाइप केला तरी फाइल ‘उकिरडा’ नावाच्या फोल्डरमध्ये पडे. हवी तेव्हा परत मिळे. त्यामुळे हात बेफिकीर झाला होता. तो आसनगावला बहिणीच्या, संध्याच्या कॉम्प्युटरला तेच वळण लावायला बसला. आधी जागा करायला जुन्या फाइली नावंही न वाचता सटासट पुसल्या. संध्या म्हणाली, “दादा, म्हशाच्या जत्रेत आई घोंगडीवाल्याशी भांडली ना, तो आवाज लाव. तेवढाच रायलाय तिचा. उद्या तिच्या पुण्यानुमोदनाला ऐकवू.” “पुसला वाटतं. थांब गो, उकिरड्यातून काढतो.” “बाबा, या, आईचा आवाज लागतोय!” तिने हाक मारली. रूपेशने हुकूम दिला. असं फोल्डरच नाही, कॉम्प्युटर म्हणाला. याला उकिरडा शिकवायचा राहिला होता. तोवर बाबांनी खुर्ची ओढून चांगला कान पडद्याला लावला होता.