इंजिनचा रिपोर्ट

"चिमटी दाखवा," नर्स म्हणाली.

इंजिननं खिशातून डबी काढली. नाकपुड्या आतून ताणून धरणारी ती सिलिकॉनची चिमटी महिनाभर वापरलेली दिसावी म्हणून सकाळीच त्यानं ती चहात बुचकळून काढली होती. खरं तर पहिल्याच दिवशी ती नाकात घातल्यावर कुणी तोंडावर उशी दाबल्यासारखा त्याचा जीव घुसमटला होता. तेव्हापासून ती कपाटातच पडून होती.

नर्सनं चिमटी उलटसुलट करून पाहिली, मग त्याचे गाल. "तपासणीची नळी गालांवर टेपनं चिकटवावी लागते. तीन रात्रींत बहुतेकांचे गाल सोलवटतात. तुमचे दाढीनं वाचले वाटतं."

"कातडी जाड आहे," इंजिन म्हणाला.

हे नाव डेपोतल्या सोबत्यांनी त्याच्या घोरण्यावरून ठेवलेलं. विश्रांतीच्या खोलीत तो आडवा झाला की बाकीचे मुकाट बाहेर येऊन बसायचे. तोवर सगळी थट्टाच होती. पण एका दुपारी, भरलेली बस लाल दिव्यापाशी उभी असताना, त्याचा डोळा लागला आणि मागच्या गाड्यांच्या भोंग्यांनीही उघडला नाही. त्या दिवशी स्टेअरिंग गेलं आणि हातात बस धुण्याचा पाइप आला. बावीस वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या ते फार जिव्हारी लागलं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, महिनाभर चिमटी लावा, मग घरी तीन रात्री श्वास मोजणारं यंत्र लावून झोपा. तासाला किती वेळा श्वास थांबतो तो आकडा खाली आला तर परत बसवर जायच्या कागदावर मी सही करते.

आकडा खाली येणार यात इंजिनला तिळमात्र शंका नव्हती. धास्ती होती ती बायकोची. कुणी नुसतं डोळ्याला डोळा भिडवला तरी ती घडाघडा बोलून मोकळी व्हायची.

ती बाहेरच्या बाकावर, स्कार्फ गालांवरून घट्ट ओढून बसली होती.

"अहो, त्यांना कळणार नाही ना?"

"तू गप्प बसलीस तर कशाला कळतंय?"

"माझ्या मनाला पटत नाही. सांगून टाकू या का?"

"आणि मग जन्मभर बसच धुवू?"

तिनं डोकं भिंतीला टेकवलं. थोड्या वेळानं तिची मान कलली. अलीकडे तिचं हे असंच चाललं होतं. परवा शिवणयंत्रावर डुलकी लागून सुई बोटात घुसली. "माझ्या इंजिनपायी तुझ्या झोपेचं वाटोळं झालं," तो म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची. स्वतः झोपली की मात्र घरात माणूस आहे की नाही, याचाही पत्ता लागायचा नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"घोरणं थांबलंय," त्या म्हणाल्या.

इंजिन मिशीतल्या मिशीत हसला. "मग सही?"

"श्वासही थांबतोय. तासाला एकोणसाठ वेळा. मागच्या वेळी आकडा एकवीस होता."

"यंत्र बिघडलं असेल."

"तिन्ही रात्री? आज पहाटे तर एकदा दीड मिनिट श्वास नव्हता." त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "घोरणारा माणूस निदान आवाज तरी करतो. हे सगळं गुपचूप चालतं, शेजारी झोपलेल्यालाही सुगावा लागत नाही. हृदय थकत चाललंय. यापुढे हवेचं यंत्र लावल्याशिवाय झोप नाही, बसल्या जागची डुलकीसुद्धा नाही. आजच दाखल व्हायचंय."

इंजिन धडपडत उठला, तशी खुर्ची मागे आपटली.

"अहो, तुम्ही कुठे निघालात? बसा आधी."

त्यानं दार उघडलं. बाकावर बायको भिंतीला डोकं टेकून झोपली होती, जराही आवाज न करता. स्कार्फ मांडीवर घसरला होता, आणि टेप काढलेल्या जागी तिचे दोन्ही गाल सोलवटलेले होते.