सरळ काप

शिवणबाईंनी मांजरीचा डावा कान दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

कानाचं टोक उडालं होतं. भांडणात फाटलेलं नव्हे, कुत्र्यानं तोडलेलंही नव्हे. सरळ रेषेत कापलेलं. तीस वर्षं कापड बेतणाऱ्या बाईला काप ओळखता येतो.

"ही कात्री आहे," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि कात्री कुणाकडे आहे, तेही मला ठाऊक आहे."

जिन्याखाली छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा बसायचा. काळं कापड कापायची वीतभर कात्री त्याच्या गुडघ्याशी कायम पडलेली. सोमवारी सकाळीच बाईंनी त्याला पाहिलं होतं. हातात तोंड बांधलेलं पोतं, पोत्याच्या भोकातून डोकं काढून किंचाळणारी ही जिन्यावरचीच मांजर, आणि मनगटांवर लाल ओरखडे. त्यानंतर ती दिसली ती आज, शुक्रवारी, पायरीवर, अशी.

"आई, विचारून तरी बघ त्यांना."

"काय विचारायचं? हात बघ त्याचे."

मांजर घरात आली. अंगावर पांढरे, काळे, तपकिरी तुकडे जोडल्यासारखे, म्हणून नाव ठिगळी. खिडक्यांना जाळी लागली, मोरीजवळ वाळूचा टब आला, मशीनखालची चिंध्यांची टोपली तिची झाली. दार म्हणून उघडं ठेवायचं नाही, असा घराला हुकूम सुटला.

"मला कधी एवढं जपलं नाहीस," लेक म्हणाली.

"तुला कुणी पोत्यात घातलं नव्हतं."

ठिगळी पोटाला हात लावू देत नव्हती. लागलाच तर फिसकारायची. बाकी दिवस टोपलीत काढायची, पण सकाळी नऊला खालून स्टूल सरकल्याचा आवाज आला की धावत दाराशी जायची. दारावर नखं ओढायची, गळा काढायची.

"आवाज ओळखते त्याचा," बाई म्हणायच्या. "राग बसलाय तिच्या पोटात. बसणारच." त्या वेळी त्यांच्या मशीनचं चाक उगाचच जोरात फिरायचं.

आठवड्यानं छत्रीवाला स्वतःच वर आला. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, हातात काळ्या कापडाची घडी.

"मांजर तुमच्याकडे आहे म्हणे."

"आहे. आणि राहणार."

"बरं झालं." त्यानं त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. "हे तिच्या टोपलीत घाला. रमेल."

बाईंनी कापडाला हात लावला नाही. "तिचा कान बघितलात?"

"बघितला की. भरून येतो आठवड्याभरात. काळजी नको."

बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावलं. एवढा निगरगट्टपणा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्याच दुपारी त्या घरमालकाकडे गेल्या. घरमालकाला जिन्याखाली स्कूटर लावायची होतीच. त्यानं म्हाताऱ्याला तिथंच बोलावून घेतलं.

"काय हो, मांजरं पोत्यात घालून नेता म्हणे?"

"नेतो," छत्रीवाला म्हणाला.

"किती नेली?"

"तेरा झाली. बाईंकडची चौदावी."

बाईंनी घरमालकाकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं.

"यापुढं बंद करायचं ते," घरमालक म्हणाला.

"ते नाही जमायचं. दिसतील तेवढी नेणार मी. कुणीतरी करायला हवंच ना."

"मग बूड उचला इथून. रविवारच्या आत."

म्हातारा शिवणबाईंकडे वळला. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"मीच," बाई म्हणाल्या. "मीच तक्रार केली."

रविवारी जिन्याखालची जागा रिकामी झाली. तो कुठं गेला, कुणी विचारलं नाही. सोमवारी तिथं स्कूटर उभी होती.

नऊ वाजले. ठिगळी दाराशी गेली आणि कान टवकारून बसली. ओरडली नाही, नखंही ओढली नाहीत.

"बघ," बाई लेकीला म्हणाल्या. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "गेली पीडा. आता रुळली ती."

त्या दिवशी ठिगळीनं दुधाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी मासळीलाही नाही. दाराजवळून हलेना. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला टोपलीसकट उचललं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. वाटभर त्या छत्रीवाल्याला शिव्या घालत होत्या. गेला तरी छळतोय मेला, म्हणत होत्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ठिगळीला टेबलावर घेतलं, कान पाहिला, अलगद उलटं करून पोट पाहिलं, आणि हसल्या.

"अरे, ही तर आमचीच. छान भरलीये जखम."

"कसली जखम?"

"पिलं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं ना हिचं. कान तेव्हाच कापतो आम्ही, भूल उतरायच्या आत. खूण असते ती. रस्त्यावरची मांजर पुन्हा कुणी पकडून आणू नये म्हणून." त्यांनी ठिगळीच्या हनुवटीखाली खाजवलं. "न खाण्याचं म्हणाल, तर हिची जुनीच खोड आहे. इथंही दोन दिवस उपाशी राहिली. शेवटी आजोबांनी मांडीवर काळं कापड पसरून हातानं भरवलं, तेव्हा कुठं खाल्लं."

शिवणबाईंनी टेबलाची कड धरली.

"औषध काही नको," डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या. "त्यांनाच हाक मारा. तुमच्याच जिन्याखाली बसतात ना ते?"