मशीनचा ओटा

तलाठी हरिश्चंद्र राऊत यांनी दारात चपला काढेपर्यंत वैजयंताबाईंच्या शिलाई मशीनचा ओटा झाला होता. मशीनवर चादर, चादरीवर पाट, पाटावर स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं. चादर जरा आखूड पडली. खालून लोखंडी पायडल दिसत होतं. पण ओट्याला पायडल असू नये, असा काही सरकारी नियम नाही.

तलाठी येणार ही बातमी मुर्ध्याच्या त्या चाळीत तलाठ्यांच्या आधी पोचली होती. नवरा गेल्यापासून वैजयंताबाईंना निराधार म्हणून महिन्याला सरकारी अनुदान मिळायचं. रक्कम अशी की घेणारा निराधारच राहावा. पण ती मंजूर व्हायला सव्वादोन वर्षं लागली होती, आणि आपल्या हाताला काम नाही हे सरकारला दरसाल पटवून द्यावं लागे.

यंदा पंचाईत अशी झाली की हाताला काम आलं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती, आणि एका शाळेला कवायतीच्या मुलींसाठी दीडशे पांढरे झगे हवे होते. काम तीन आठवड्यांचं. तेवढ्यात लेकीची, पंचशीलाची, अकरावीची फी निघत होती. अट एकच, तालुक्याच्या कचेरीत स्वयंरोजगाराच्या वहीत बाईंचं नाव पाहिजे. बाईंनी तोही अर्ज देऊन टाकला. "बिनधास्त द्या, ते टेबल वेगळं, हे टेबल वेगळं," असं कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याने सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त दोन्ही टेबलांसाठी गावात फिरणारा माणूस एकच होता.

तलाठी सतरंजीवर बसले. कागद काढला. पंच म्हणून चाळीची मालकीण अनसूया आणि कोपऱ्यावरचा गिरणीवाला सुभाष हजर होते. दोघांनाही काय सांगायचं ते नीट पढवलेलं होतं.

"बाई, काही कामधंदा करता?"

"नाही भाऊसाहेब. नजर गेली. सुईत दोरा जात नाही."

"शिवण वगैरे येतं?"

"बटण लावता येत नाही मला."

"शिवन? हिला?" अनसूयाबाई पुढे सरसावल्या. "मागं येक पिशवी शिवली हिनं, तर तिला तोंडच न्हाय ठेवलं! बाय गरीब हाय, पन हातात कला न्हाय." हे सांगताना त्यांच्या अंगात वैजयंताबाईंनीच शिवलेला पोलका होता. खांद्यावर छान बसला होता.

"मशीन सोडा भाऊसाहेब, घरात साधी कात्री पण नाय," सुभाष म्हणाला. "दुधाची पिशवी दाताने फाडते."

वैजयंताबाईंना हे जरा जास्तच लागलं. पण त्यांनी मान खाली घातली आणि ओट्यावर चहा ठेवला. तलाठी शांतपणे लिहीत होते. चहा संपला तसा त्यांनी कागद वाचून दाखवला.

"अर्जदार बाईंकडे मशीन नाही. शिवणकाम येत नाही. नजर अधू आहे. सबब स्वयंरोजगाराच्या वहीत त्यांचं नाव घेऊ नये. करा सह्या."

 स्टोव्ह अजून फुरफुरत होता.

"तुम्ही त्या वहीच्या अर्जासाठी आलात?" बाईंनी विचारलं.

"मग? मशीन बघायलाच आलो होतो. नाही म्हणता, तर नाही."

वैजयंताबाईंनी स्टोव्ह विझवला. पातेलं उतरवलं, स्टोव्ह उतरवला, पाट काढला, चादर ओढली. स्टूल पुढे घेऊन बसल्या. चष्मा न लावता दोरा पहिल्या झटक्यात सुईत गेला. शिवायला हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी चादरीचीच कड दुमडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टीप मारली. टीप पट्टीने आखल्यासारखी होती.

"ह्यो पोलका बी हिचाच हाय, भाऊसाहेब!" अनसूयाबाईंनी गोल फिरून दाखवला.

"कात्री पण हाय," सुभाष म्हणाला. "गिरणीत लपवलीय."

आपण काय केलं हे बाईंना टीप संपल्यावर कळलं. झगे तीन आठवड्यांत संपणार. मग पुन्हा सव्वादोन वर्षं.

"भाऊसाहेब, आता ते निराधारचं..."

तलाठ्यांनी पिशवीतून दुसरा, कोरा कागद काढला. निराधारची चौकशीही त्यांना याच फेरीत उरकायची होती. दोन कामांसाठी मुर्ध्याला दोन फेऱ्या घालणारे ते नव्हते. पहिल्या कागदावरची शेवटची ओळ त्यांनी खोडली आणि वर लिहिलं, 'सबब अनुदान चालू ठेवावे.' खाली वेळ घातली, सकाळचे अकरा. मग त्या कोऱ्या कागदावर लिहिलं, 'मशीन आहे. नजर तीक्ष्ण. शिवण सरळ. सबब नाव घ्यावे.' वेळ घातली, सव्वाअकरा. एवढी प्रगती तालुक्यात यापूर्वी कुणी पंधरा मिनिटांत केलेली नव्हती.

पंचांनी दोन्हीकडे सह्या केल्या. सुभाषला राहवलं नाही.

"भाऊसाहेब, दोन्ही खरं कसं काय?"

"दोन्ही माझ्यासमोर झालं," तलाठी म्हणाले. "मी पदरचं काही लिहीत नाही."

त्यांनी कागद पिशवीत घातले. दारात जाऊन चपला घातल्या. मग वळून त्यांनी मशीनवरच्या चादरीकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी चादर लांब घ्या, बाई. मघाशी आत येतानाच पायडल दिसलं होतं, आणि आज तर तुम्ही ती आणखी दोन बोटं आखूड केलीत."